हेड उतरवण्याआधी : थंड इंजिन गरम होताना काय बघायचं आणि हेड गॅस्केट खरंच गेलंय का, हे कसं ओळखायचं

गाडी एकदा गरम झाली की गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्या उघडल्या निदान होतं : "हेड गॅस्केट उडालंय साहेब, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. कधीकधी हे निदान खरंही असतं. पण फॅनचा जळालेला रिले (फॅनला वीज देणारा स्विच), ढिलं पडलेलं रेडिएटरचं झाकण, अडकलेला थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, राहिलेली हवा, यातलं काहीही तापमानाचा काटा वर नेऊ शकतं आणि यातल्या एकासाठीही हेड उतरवायची गरज नसते. माझ्या सेकंडहँड पेट्रोल-सीएनजी गाडीला एका गॅरेजने हेडचं काम सांगितलं होतं. दुसऱ्या मेकॅनिककडे फॅनचा रिले बदलून गाडी घरी आली. पुढे एका नातेवाइकाच्या गाडीचं हेड मात्र खरोखर उतरवावं लागलं, तेव्हा त्या कामाच्या शेजारी उभा होतो. दोन्हीकडून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

इंजिन सकाळी गार असल्यापासून पूर्ण तापेपर्यंत कसं वागतं, यात निम्मं निदान होऊन जातं. त्याला पाना लागत नाही, लक्ष लागतं. आणि एक नियम आत्ताच ठरवून टाका : एका खुणेवर हेड उतरवू द्यायचं नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेले किमान दोन पुरावे हातात हवेत.

१. आधी काय जमवायचं

– ओबीडी अ‍ॅडॉप्टर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे तो मोबाइलवर दाखवतो. ईएलएम ३२७ प्रकारचा साधा ब्लूटूथवाला चालतो. आयफोन असेल तर त्याला चालणारा घ्या, साधा ब्लूटूथवाला बहुधा जोडला जात नाही. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर असं एखादं अ‍ॅप. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचं सोळा पिनांचं सॉकेट सापडतं.
– टॉर्च, जाड फडकं, पांढरा टिश्यू पेपर, मार्कर पेन.
– गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.
– कागद : सर्व्हिस रेकॉर्ड, शेवटचं कूलंट कधी बदललं त्याची नोंद, आधी हेडचं काम झालं असेल तर ते बिल, एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिच्या अटी.

कूलंटचा रंग बघून प्रकार ठरवू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. दोन वेगळ्या रसायनांचं कूलंट मिसळलं तर त्याचा गाळ होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजू शकतात. आणि विम्याच्या भरवशावर राहू नका : नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. गरम इंजिनाचं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. हे झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, आणि तेवढ्या दाबाखाली पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात निवांत धरता आला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकणाला हात लावा.

२. निरोगी इंजिन कसं गरम होतं

हे माहीत नसेल तर बिघाड ओळखताच येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

गार इंजिन स्टार्ट केलं की आरपीएम १२०० ते १५०० च्या आसपास राहतो आणि तापत जाईल तसा ७०० ते ८५० वर उतरतो. या काळात थर्मोस्टॅट बंद असतो. कूलंट फक्त इंजिन आणि केबिनच्या हीटरमध्ये फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. म्हणून रेडिएटरला जाणारा वरचा होज बराच वेळ गारच लागतो. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडायला लागतो, आणि मग तो होज बघता बघता चटका बसेल इतका तापतो. हा बदल हाताला स्पष्ट कळतो. एकदा अनुभवून ठेवा.

चालत्या गाडीत तापमान साधारण ८५ ते ९५ वर स्थिरावतं. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की ते हळूहळू शंभरच्या आसपास चढतं, फॅन लागतो, सात-आठ अंश खाली येतं, फॅन बंद होतो. असं वरखाली होत राहणं म्हणजे सिस्टिम धडधाकट आहे. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून गाडी ठणठणीत असतानाच आपल्या गाडीचे आकडे लिहून ठेवलेले बरे.

पेट्रोल गाडी पाच-दहा मिनिटं चालवली की तापते. डिझेलला जास्त वेळ लागतो, आणि डिझेल नुसतं उभं ठेवून तापवायला गेलात तर कंटाळाल. सकाळी अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवायची जुनी सवय इंजेक्शनच्या गाड्यांना लागत नाही. अर्धा मिनिट थांबा, मग पहिले काही किलोमीटर जास्त रेस न देता चालवा.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम 'शांत' केलेला असतो : साधारण ७५ पासून शंभराच्या पुढेपर्यंत तो मधोमधच राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांना तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. होंडाच्या गाड्यांत गार इंजिनासाठी निळा दिवाही असतो. खरं तापमान ओबीडीवरच दिसतं.

३. सकाळी, चावी फिरवायच्या आधी

गाडी रात्रभर उभी हवी, सपाट जागेवर.

कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीची मार्करने खूण करा. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर ते उघडून आत गळ्यापर्यंत भरलेलं आहे का बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर दोन शक्यता : झाकण किंवा त्याची बारीक नळी गार झाल्यावर कूलंट परत ओढत नाही, किंवा सिलिंडरमधला गॅस आतून कूलंटमध्ये शिरून ते बाहेर ढकलतोय. पहिली शक्यता झाकण बदलून मिटते, म्हणून आधी तीच निकालात काढा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नाही आणि दाब बाटलीच धरते, तिथे सगळी तपासणी बाटलीतच करायची.

वरचा होज दाबा. रात्रभर गार झालेल्या गाडीचा होज मऊ असतो. सकाळी तो टणक लागला आणि झाकण सैल करताच फुस्स आवाज आला, तर आत अडकलेला दाब उष्णतेचा नव्हे, गॅसचा आहे. हेड गॅस्केटच्या बाजूचा हा एक चांगला पुरावा.

आता ऑइलची पट्टी काढा, टिश्यूवर टेका. ऑइल काळं असेल तर चालतं. दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी आहे. अशी गाडी स्टार्ट करू नका, बेअरिंग जातील. आणि इथेच एक मोठा सापळा आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट पांढरा चिकट थर दाखवून "बघा, ऑइलमध्ये पाणी" असं सांगितलं जातं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, त्यात पावसाळा किंवा कोकणातली दमट हवा असेल, तर इंजिनातली वाफ पूर्ण उडून जात नाही आणि झाकणाखाली हा थर जमतो. तो पुसा, गाडी एकदा तासभर हायवेला फिरवा, पुन्हा बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर हा थर पुरावा म्हणून धरायचा नाही.

पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेटही चाचपा. ओलं, चिकट, गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. कूलंट 'कुठे जातं कळत नाही' अशा बऱ्याच गोष्टी इथे सुटतात.

४. पहिली पाच मिनिटं

अ‍ॅडॉप्टर लावा आणि इंजिन चालू न करता कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच हवेत. हवा २४ आणि कूलंट ६० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय. असा सेन्सर असेल तर पुढची सगळी चर्चा थांबवून तो आधी बदला.

मग स्टार्ट करा आणि ऐका. इंजिन पहिले काही सेकंद थरथरून मिसिंग करत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल आणि मग सगळं सुरळीत होत असेल, तर रात्री दाबाखाली थोडं कूलंट एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपलेलं असू शकतं. त्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

पण नुसत्या पांढऱ्या वाफेला घाबरू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला सकाळी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ येते, पाणीही ठिबकतं. सायलेन्सर तापला की ते थांबतं. कूलंटचा धूर गाडी पूर्ण गरम झाल्यावरही येत राहतो, हवेत रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. निळसर धूर हे वेगळं प्रकरण, ते ऑइल.

रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत एक गोष्ट करता येते : गार असतानाच झाकण काढून ठेवायचं, इंजिन चालू करायचं आणि गळ्यात टॉर्च मारायचा. सुरुवातीला एकदोन मोठे बुडबुडे येऊन पाणी थोडं खाली बसतं. ती अडकलेली हवा, विशेषतः कूलंट नुकतं बदललं असेल तर. ती काही मिनिटांत संपते. गॅस असेल तर बारीक बुडबुडे न थांबता येत राहतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे, आणि कुणी आत बसून रेस दिली की आणखी जोरात. कधी कूलंट गळ्यातून उसळून बाहेरच पडतं, म्हणून तोंड लांब ठेवा आणि तापमान ७० च्या वर जाण्याआधी इंजिन बंद करून झाकण लावून टाका.

झाकण लावलेलं असताना वरचा होज बघायचा. इंजिन अजून ४०–५० अंशांवर असतानाच, मिनिटा-दीड मिनिटात तो दगडासारखा होत असेल तर तो दाब उष्णतेने तयार झालेला नाही, सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन, म्हणजे तिथला दाबाखालचा गॅस, पाण्यात मारतंय. हात घालताना ओढणी, सैल बाही, घड्याळ फॅनबेल्टपासून दूर. इलेक्ट्रिक फॅन कधीही, चावी काढल्यावरही, सुरू होऊ शकतो.

५. तापमान कसं चढतं ते बघा

आता गाडी चालवा, आकडे शेजारच्या सीटवरच्या माणसाने वाचावेत.

तापमान ६५–७० च्या वर जातच नसेल, हायवेला उलट खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड बहुधा याचसाठी येतो. सेकंडहँड गाडीत आणखी एक शक्यता असते : कुणीतरी तो काढूनच टाकलाय. "आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट हवा कशाला" हे वाक्य मी इतक्या मेकॅनिकांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त नवीन बसवून घेतो. इंजिन कायम गार राहिलं तर कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल देत राहतं, ॲव्हरेज पडतो, इंजिन लवकर झिजतं. शिवाय विकणाऱ्याने गरम होणारी गाडी तात्पुरती गार ठेवण्यासाठी हा उद्योग केलेला असू शकतो. गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हला अ‍ॅडॉप्टर लावायचं हे एक कारण पुरेसं आहे.

तापमान थांबतच नाही, शंभर, एकशेपाच, एकशेआठ असं सरळ चढतं? तर दोन होज बघा. इंजिन शंभरच्या पुढे आणि वरचा होज अजून गार : थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा आत हवा आहे. वरचा तापलेला, खालचा गार : पाणी रेडिएटरमधून पुढे जात नाही, नळ्या बुजल्यात किंवा वॉटर पंप ढकलत नाही. दोन्ही तापलेले आणि फॅन गप्प : मग फॅनच.

तिसरा प्रकार उड्या मारणारा. ८८ वरून ११० आणि लगेच परत ९०. धातूचं खरं तापमान इतक्या वेगाने बदलत नाही. सेन्सरपाशी हवेचा किंवा गॅसचा फुगा येतोय आणि जातोय. कूलंट कमी असेल तरी असंच होतं. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून बघा : काटा वर आणि हीटर गार हवा देतोय, म्हणजे कूलंट हीटरपर्यंत पोचत नाहीये. आधी कूलंट पूर्ण भरून, मॅन्युअलप्रमाणे हवा काढून, पुन्हा चाचणी घ्या. नीट हवा काढल्यावरही दोन दिवसांत हाच खेळ सुरू झाला, तर ती हवा कुठून तरी तयार होतेय.

६. सिग्नलला गरम होते की घाटात?

मेकॅनिकने हा प्रश्न विचारला नाही तर तुम्हीच सांगा, कारण याच एका उत्तराने शोध निम्म्यावर येतो.

सिग्नलला तापते आणि हायवेला गार होते : हवेचा प्रश्न. गाडी उभी असताना हवा फक्त फॅन ओढतो. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच लागायला हवा. लागला नाही तर फ्यूज बघा, मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, असतो. अदलाबदल करून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं.

गावात ठीक आणि घाटात तापते : मग पाण्याचा प्रवाह किंवा गॅस. खंडाळा, कसारा, खंबाटकी, आंबोली यांपैकी कुठेही दुसऱ्या गिअरवर भरलेली गाडी चढवताना इंजिन भरपूर उष्णता सोडतं आणि वेग कमी म्हणून हवाही कमी. अर्धा बुजलेला रेडिएटर इथे उघडा पडतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाडीत आतून पांढरा क्षार बसलेला असतो. बाहेरून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, कापसाचे तंतू यांची गादी झालेली असते, जी समोरून दिसत नाही. पाण्याचा पाइप कमी दाबाने इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा.

हेड गॅस्केटची सुरुवातीची गळतीही घाटातच दिसते, कारण लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो. गावात महिनाभर काही नाही आणि घाट चढून वर थांबलात की बाटलीतून कूलंट बाहेर, हे लक्षण गंभीरपणे घ्या.

रस्त्यात काटा वर गेलाच तर : एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल, जागा बघून बाजूला. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" यात हेड वाकतं. बॉनेट उघडा, झाकणाला हात नाही, निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर भरताना मात्र साधं पाणी चालेल; घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरा.

७. हेड गॅस्केटच्या खुणा, आणि त्यांची नक्कल करणारे

हेड ॲल्युमिनियमचं असतं, खालचा ब्लॉक बऱ्याच इंजिनांत कास्ट आयर्नचा. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एकदा जोरात तापलं की हेड किंचित वाकतं आणि मधलं गॅस्केट, गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग, सील सोडतं. ते कुठे सोडतं त्यावर खुणा ठरतात, आणि इथेच लोक फसतात.

सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यात फुटलं तर बुडबुडे, टणक होज, सकाळचं मिसिंग, कमी होणारं कूलंट. ऑइल मात्र अगदी स्वच्छ! "ऑइल स्वच्छ आहे म्हणजे गॅस्केट चांगलं" हे म्हणूनच खरं नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांमध्ये फुटलं तर कूलंट कमी होत नाही, गाडी तापतही नाही. पिकअप जातो, इंजिन थरथरतं, पी०३०१ पासूनचे मिसफायरचे कोड लागोपाठच्या दोन सिलिंडरांवर येतात. पाणी आणि ऑइल यांच्यात फुटलं तर ऑइलचा चहा. बाहेरच्या कडेला फुटलं तर हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर कूलंटचा वाळलेला रंगीत डाग किंवा ऑइलचा ओघळ, आणि यात इतर काहीच लक्षण नसू शकतं.

आता नकलाकार. ऑइल कूलर असलेल्या इंजिनात तो आतून फुटला तर कूलंटच्या बाटलीत ऑइलचा गाळ येतो, गॅस्केट ठणठणीत असतानाही. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा भाग) गळला तर कूलंट कमी होतं, पांढरा धूर येतो आणि बाहेर थेंबही दिसत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून गळणारं कूलंट गरम इंजिनावर वाळून जातं. त्याचा फक्त पांढरा-हिरवा ओघळ मागे राहतो.

सीएनजीवाल्यांनी इथे थोडं थांबा. गॅस टाकीतून मोठ्या दाबाने येतो आणि दाब उतरताना तो खूप गार होतो, म्हणून रेड्यूसरला, म्हणजे हा दाब उतरवणाऱ्या भागाला, इंजिनाच्या गरम कूलंटचे दोन होज जोडलेले असतात. म्हणूनच गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन थोडी तापली की सीएनजीवर जाते. कूलंट कमी असेल तर रेड्यूसर गारठतो, कधी त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि गाडी फक्त सीएनजीवर मिसिंग करते. दुसरं म्हणजे, रेड्यूसरचं आतलं सील फाटलं तर सीएनजीच कूलंटमध्ये शिरू शकतो. बुडबुडे दिसतात, होज टणक होतो, सगळी लक्षणं हेड गॅस्केटची. ओळखायचं कसं? सीएनजीच्या टाकीचा हँड व्हॉल्व्ह बंद करून गाडी एक-दोन दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवा. बुडबुडे गायब झाले तर हेडला हात लावू नका, किटवाल्याकडे जा. कूलंटच्या बाटलीजवळ गॅसचा वास येत असेल तर तिथे माचिस, सिगारेट काही नको आणि गाडी बंद जागेत उभी करू नका.

८. खात्री करणाऱ्या चाचण्या

इथवरच्या निरीक्षणांनी संशय पक्का झाला असेल तर गॅरेजला जाऊन "हेड बघा" म्हणू नका. चाचणीचं नाव घेऊन सांगा.

ब्लॉक टेस्ट : रेडिएटरच्या गळ्यावर एक नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो. आतली हवा त्यातून ओढली आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असला की निळ्याचा पिवळा होतो. जळालेला वायू कूलंटमध्ये आल्याशिवाय हे होत नाही. आधी कूलंटची पातळी थोडी खाली घ्यावी लागते, नाहीतर तेच नळीत ओढलं जातं आणि चाचणी बिघडते. डिझेलच्या धुरात हा वायू प्रमाणाने कमी, त्यामुळे तिथे नकारात्मक निकालावर निर्धास्त राहू नका.

कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट : गार इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरून पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. काटा पडला आणि बाहेर कुठेच गळत नसेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये बघायचं.

कॉम्प्रेशन टेस्ट स्वस्त आहे पण नीट करावी लागते : इंजिन कोमट, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतं. मॅन्युअलचा आकडा अंतिम. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधली गॅस्केटची भिंत गेली. एकच खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगाही असू शकतात.

त्याचा निकाल लावते लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि हवा कुठून निघते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून म्हणजे इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. ही चाचणी सगळ्या गॅरेजांत होत नाही, पण करणारा शोधायला घालवलेला दिवस वाया जात नाही.

हळद, साबण किंवा बाटलीतलं 'हेड सीलर' रेडिएटरमध्ये घालून बघू म्हणणारे भेटतील. आडरस्त्यावर रेडिएटरला पडलेलं बारीक भोक हळदीने तात्पुरतं बुजतं, ट्रकवाले ते करत आलेत. गॅस्केटवर तिचा उपयोग नाही, आणि तीच पूड नंतर हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसते.

९. उतरवायचंच ठरलं तर

छोट्या पेट्रोल गाडीतही हे पाच आकडी बिलाचं काम आहे, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का बघा.

हेड पूर्ण गार इंजिनावरच सोडायचं. मग ते मशीन शॉपला, लेथवाल्याकडे, जायलाच हवं : तिथे तड्यासाठी प्रेशर टेस्ट आणि सरळपट्टी लावून वाक मोजणं. फीलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) मोजलेल्या या वाकाची मर्यादा अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटर इतकी कमी असते, ती डोळ्यांनी दिसत नाही. "एकदम सरळ आहे, फेसिंगची (पृष्ठभाग मशीनवर सपाट करण्याची) गरज नाही" असं नुसतं बघून सांगणाऱ्याकडे मोजमाप मागा. ब्लॉकचा माथाही मोजायचा, हे हमखास राहून जातं. सँडपेपरने हाताने घासून हेड बसवू देऊ नका. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. काही डिझेल इंजिनांना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ते जुळवतात, तेव्हा जुनं फेकण्याआधी ताडून बघा.

हेडचे बोल्ट. अनेक इंजिनांत ते ताणले जाणारे, एकदाच वापरायचे असतात आणि तरी पैसे वाचवायला जुनेच लावले जातात. मॅन्युअलमध्ये नवे लिहिले असतील तर नवेच. ते मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आणि शेवटी ठरावीक अंशात फिरवून आवळतात. गॅरेजमध्ये टॉर्क रेंचच नसेल तर गाडी परत घेऊन या.

हेड उघडं असतानाच थर्मोस्टॅट, झाकण आणि थकलेले होज बदलून टाका. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट आणि वॉटर पंपही. मुख्य म्हणजे गाडी मुळात तापली का, ते कारण सापडलं पाहिजे. बुजलेला रेडिएटर तसाच ठेवून नवं गॅस्केट घातलं तर तेही उडणार. जुनं गॅस्केट, जुने बोल्ट आणि लेथवाल्याचं बिल मागून घ्या. गॅस्केटवर जिथून गॅस जात होता तिथे काजळीची काळी पट्टी दिसते. ती दाखवायला सांगा.

१०. काम झाल्यावर

ऑइल आणि फिल्टर नवीन. ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते ऑइल चारपाचशे किलोमीटरवर पुन्हा बदला. गॅरेजमधून गाडी घेण्याआधी ती जागेवर चालू ठेवून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, अ‍ॅडॉप्टर लावून आकडे टिपा. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे रोज सकाळी, गार इंजिनावर, बाटलीवरची खूण आणि ऑइलची पट्टी बघा. सुरुवातीला राहिलेली हवा निघाल्यामुळे पातळी एकदा थोडी उतरते, तेवढी भरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत असेल तर सकाळी होज दाबून बघा, आणि टणक लागला तर गाडी त्याच दिवशी, बिलासकट, त्याच मेकॅनिकसमोर उभी करा. घाटाचा प्रवास मात्र हे दोन आठवडे नीट गेल्यावरच ठरवा.